पळसदरीच्या टाकीतली भिंगरी

मी समुद्रात तरंगणाऱ्या पवनचक्क्यांवर संशोधन करते असं आमच्या भागात कुणाला सांगितलं, की समोरचा आधी माझ्याकडे बघतो आणि मग डोंगराकडे. खालापूर तालुक्यात कुठेही उभं राहिलं तरी डोंगर काही सुटत नाहीत. समुद्र बघायचा तर अलिबागची एसटी धरावी लागते. ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवते तिथल्या स्टाफरूममध्ये मला रोज कुणीतरी विचारायचं, "मॅडम, आज भरती किती वाजता?" सुरुवातीला मी हसायचे. पुढे पुढे डबा घेऊन वर्कशॉपमध्ये एकटीच जेवायला लागले. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट, आणि चाळिशी उलटल्यावर पीएच.डी.ला बसलेल्या बाईला थट्टा जरा जास्तच झोंबते.

या बाबतीत माझी थट्टा न करणारा एकच माणूस होता, ते म्हणजे माझे बाबा. मी लग्न केलेलं नाही. लोधिवलीला आई, बाबा आणि मी असं तिघांचं घर होतं. बाबांनी जवळच्या एका कारखान्यात सारी नोकरी फिटर म्हणून केली. निवृत्त झाले आणि दोन महिन्यांत त्यांनी घरातला एकूण एक नळ, कडी, बिजागरी दुरुस्त करून टाकली. आई वैतागली. "ह्यांना कुठंतरी घेऊन जा गं," मला म्हणाली, "नायतर आता माझेच स्क्रू पिळतील." म्हणून मी त्यांना माझ्या प्रयोगाला घेऊन गेले. कॉलेजात मला मदतनीस मिळाला नव्हता, त्यामुळे उपकार खरं तर माझ्यावरच होते. पण तेव्हा मला वाटायचं, मी त्यांचा वेळ घालवून देते आहे.

प्रयोगाला पाणी हवं होतं. मुंबईतले माझे मार्गदर्शक सर म्हणत होते, सगळं संगणकावर कर. संगणकावर मी दोन वर्षं केलंच होतं. पण तिथे वारा आणि लाट दोघंही फार शहाण्यासारखं वागतात. मला खरं पाणी हलताना बघायचं होतं. कर्जतपासून पळसदरीपर्यंत शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी फार्महाऊसं झाली आहेत, आणि प्रत्येकाला एक पोहायची टाकी. सोमवार ते गुरुवार त्या टाक्यांत सुकलेली पानं तेवढी तरंगत असतात. बाबांच्या ओळखीतून पळसदरीची अशीच एक टाकी मिळाली. मालक मुंबईला. राखणीला जवळच्या ठाकूरवाडीतली एक बाई होती, आमच्यापेक्षा तीच त्या जागेची जास्त मालकीण. अट एकच, शुक्रवारी दुपारच्या आत सगळं सामान पंपाच्या खोलीत गेलं पाहिजे, कारण मग पाहुणे आणि त्यांचे स्पीकर यायचे.

वारा आम्ही लोधिवलीतून आणला. भात झोडून झालं की आमच्याकडे लोक विजेचे मोठे पंखे लावून ते वारवतात, म्हणजे फोल उडवून दाणे वेगळे करतात, आणि वारवणी उरकली की पंखे माळ्यावर पडून असतात. बाबांनी घरोघरी जाऊन चार पंखे मागितले आणि टेंपोत घातले. पंख्याचा वारा गरगरत येतो, म्हणून त्यांनी प्लास्टिकच्या नळीचे बोटभर तुकडे कापून एका चौकटीत खच्चून बसवले; त्यातून वारा बराचसा सरळ होऊन निघायचा. ट्रकच्या वायपरची मोटर एका प्लायवुडच्या फळीला जोडली की लाटा तयार. सरांना मी याचे फोटो पाठवले तेव्हा त्यांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही, आणि मग लिहिलं, "चालतंय असं दिसतंय."

मधोमध तरंगायचा आमचा नमुना. सांडपाण्याच्या जाड पाइपाचे तीन उभे तुकडे, तळाशी वाळू भरलेले, आपसात त्रिकोणात जोडलेले. त्यावर कमरेएवढा खांब आणि खांबाच्या टोकाला परातीएवढं तीन पात्यांचं चाक. खाली बारीक साखळ्या, टाकीच्या तळाशी वजनांना अडकवलेल्या. पाती बाबांनी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून कोरली होती, इतकी सारखी की तराजूत घातली तर काटा हलत नव्हता. ते त्या नमुन्याला भिंगरी म्हणायचे. मी नाराज व्हायचे; पण मग आई भिंगरी म्हणायला लागली, राखणदार बाई म्हणायला लागली, आणि शेवटी मीही.

माझा प्रश्न काय होता, तो बाबांना समजावताना मला स्वतःला नीट समजला. जमिनीवरची पवनचक्की जागेवर ठाम उभी असते. वारा येतो तेवढाच तिला लागतो. पाण्यावरची डोलते. ती वारा येतो त्या बाजूला पुढे झुकली की तिला वारा वाढल्यासारखा वाटतो, मागे गेली की कमी झाल्यासारखा. हे मी त्यांना स्कूटरवर, चौक-कर्जत रस्त्याने जाताना मोठ्याने ओरडून सांगत होते.

"म्हंजे वारा वाढलेला नाय," मागून बाबा म्हणाले, "तीच पुढं गेली. आपल्या स्कूटरसारखं."

"हो. पण तिला ते कळत नाही. वारा वाढला असं समजून ती पाती वळवते आणि वारा सोडून देते, कारण तिला वीज एकसारखी ठेवायला शिकवलंय."

बाबांनी मागून माझा खांदा धरला. मग म्हणाले, "म्हंजे पुढं जाताना तिला थांबवणारा जोर गेला. नि मागं येताना पाती परत भरली, त्या जोरानं अजून मागं. गं, ही तर झोपाळ्यावर बसल्यासारखी वाढत जाईल."

नेमकं तेच. मोठाल्या यंत्रांचं भय तेच असतं. वादळ लागत नाही, बऱ्यापैकी वारा आणि स्वतःचीच हुशारी पुरते. पाती कधी आणि किती वळवायची याची नवी रीत मी बसवत होते, जिच्यामुळे हा झोका वाढू नये. ती चालते हे पाण्यात दाखवलं की माझा प्रबंध पुरा होणार होता, आणि प्रबंध पुरा झाला तरच कॉलेजात माझी जागा कायम होणार होती. त्यामुळे त्या टाकीत माझं जे काही होतं ते सगळं तरंगत होतं.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही आधी जुनी रीत लावून बघितली, म्हणजे किती वाईट होतं ते कळावं. भिंगरी डोलायला लागली, झोका वाढत गेला. खांबाच्या टोकावर मोजमापाची यंत्रं होती आणि त्यांच्या वायरींचा एक झुबका टाकीवर आडव्या ताणलेल्या तारेवरून काठाकडे येत होता. तो झुबका सैल धरून बाबा काठावर उभे होते. बाराव्या झोक्याला एक पाइप पाण्याखाली गेला आणि भिंगरी कलंडली. बाबांनी ती वाचवायला वायरी ओढल्या. दोन वायरी तुटल्या आणि पाती काठावर आपटून फुटली.

मी त्यांच्यावर ओरडले. राखणदार बाईसमोर ओरडले. "एवढ्या वायरी सांभाळता येत नाहीत का तुम्हाला?" असं म्हणाले. त्यांनी फुटलेल्या पात्यांचे तुकडे पाण्यातून वेचले, पंचात बांधले आणि म्हणाले, "नवी करतो." पुढचे तीन आठवडे ते ओटीवर बसून पाती कोरत होते. चष्मा कपाळावर आणि डोळे लाकडाला भिडलेले. मी दोन-तीनदा माफी मागायची ठरवली, पण तशी आमच्या घरात पद्धत नाही. मी त्यांच्यासाठी चहा करून नेला आणि त्यांनी तो प्यायला, एवढ्यावर ते मिटलं असं मी धरून चालले.

नवी पाती बसली. मी माझी नवी रीत लावली. पंखे सुरू केले, लाटा सुरू केल्या, आणि भिंगरी पुढे झुकली, मागे आली, पुन्हा झुकली, आणि झोका वाढला नाही. उलट मिटत गेला. दहा वेळा केलं, वारा कमी-जास्त केला, लाट बदलली. प्रत्येक वेळी ती चार-पाच झोक्यांत शांत व्हायची. मी लॅपटॉपवरची रेघ बघत होते आणि बाबा पाण्याकडे. "बसली गं," ते म्हणाले, "बसली." त्या दिवशी येताना चौकला त्यांनी स्कूटर थांबवायला लावली आणि वडापावच्या गाडीवर अनोळखी माणसांना सांगितलं, "माझ्या लेकीची भिंगरी बुडत नाय." माणसांना वाटलं लॉटरीबिटरी काहीतरी असेल. मी लाजेने मान फिरवून उभी होते. आज ती मान फिरवल्याचं मला फार वाईट वाटतं.

एक गोष्ट मी तेव्हा करायला हवी होती. नवी रीत चालली, तर तिथेच, त्याच मांडणीत, पुन्हा एकदा जुनी रीत लावून भिंगरी डोलते का बघायचं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही मी हे शिकवते. पण जुनी रीत लावायची म्हणजे भिंगरी पुन्हा बुडणार, पाती पुन्हा फुटणार, आणि बाबा पुन्हा ओटीवर तीन आठवडे. माझं मन झालं नाही. कलंडल्याचे जुने आकडे होतेच, तेच वापरले. शिवाय नव्या मांडणीत भिंगरीच्या एका झोक्याला लागणारा वेळ किंचित कमी झाला होता, तोही मी बघितला होता. पाइपात वाळू थोडी जास्त पडली असेल, असं वहीत लिहून मी पुढे गेले. माणसाला हवं ते मिळालं की तो फार प्रश्न विचारत नाही, निदान मी तरी विचारले नाहीत.

मे महिन्यात बाबा गेले. दुपारी जेवून पलंगावर आडवे झाले ते उठले नाहीत. मी कॉलेजात पेपर तपासत होते, शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा मी त्यांना म्हणाले, "पाच मिनिटांत करते." पाच मिनिटांनी मीच केला. दवाखान्यात नेण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

दिवसकार्य झालं आणि मी प्रबंध लिहायला बसले. लोक म्हणाले, मुलगी खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नाही; मला त्यांचं काम पुरं करायचं होतं, आणि ते माझं काम आहे हे मी विसरले होते. आभाराच्या पानावर त्यांच्याबद्दल लिहायला मला बाकीच्या दोन प्रकरणांएवढा वेळ लागला. पावसाळाभर लिहिलं. आभाराचं पान मी शेवटी जोडायला ठेवलं, बाकीचं सरांनी वाचलं आणि सादरीकरणाचा दिवस ठरला.

दसऱ्यानंतर राखणदार बाईचा फोन आला, पंपाची खोली रिकामी करा, मालकांना तिथे सामान ठेवायचं आहे. मी एकटी गेले. भिंगरी एका कोपऱ्यात चादरीखाली होती. चादर बाबांनीच घातली होती, आमच्या घरची जुनी, निळ्या चौकटींची. वायरींचा झुबका त्यांनी नवी पाती बसवतानाच काळ्या टेपने गुंडाळला होता, आता त्याचं नीट वेटोळं केलेलं होतं. यंत्रं कॉलेजला परत द्यायची म्हणून मी टेप सोडवायला लागले. आणि आत, वायरींच्या मधोमध, मला एक बारीक हिरवी नायलॉनची दोरी लागली. दोरी वायरींपेक्षा आखूड होती, आणि मध्ये तिला सायकलच्या ट्यूबची वीतभर पट्टी जोडलेली होती.

मी ती ओढून बघितली. रबर ताणलं आणि हळूच परत आलं.

फिटर माणसाला हे नवीन नाही. कारखान्यातल्या क्रेनची बटणांची पेटी वायरीने खाली लोंबत असते. भार वायरीवर येऊ नये म्हणून तिच्या सोबत एक आखूड दोरी बांधतात, म्हणजे ओढ दोरीला बसते आणि आतल्या तारा तुटत नाहीत. बाबांनी तेच केलं होतं, फक्त भिंगरी नाजूक म्हणून दोरीत रबर घातलं होतं. दोरीचं वरचं टोक टाकीवरच्या तारेला आणि खालचं खांबाच्या टोकाला. म्हणजे भिंगरी जेव्हा जेव्हा झुकली तेव्हा तेव्हा त्या पट्टीने तिला हलकेच धरलं, आणि रबराने झोका शोषून घेतला. झोक्याला लागणारा वेळ म्हणूनच कमी झाला होता. माझी रीत चालली की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. भिंगरी बाबांनी धरलेली होती.

मी तिथेच फरशीवर बसले. राखणदार बाई चहा घेऊन आली आणि माझ्या हातात ती पट्टी बघून म्हणाली, "ती माज्या नवऱ्याच्या सायकलची. बाबांनी मागून घेतली व्हती."

"कधी?"

"पाती फुटली ना, त्याच्या मागनं. तुमाला सांगितलं व्हतं की त्यांनी. मी हितंच व्हते. ते म्हनले, वायरीला ताण नको, मी सोय केली हाय, एकदा बघून घे. तुमी फोनवर व्हता. तुमी हात केला, असा." तिने तळहात हवेत हलवून दाखवला.

मला आठवलं. कॉलेजातून वेळापत्रकावरून फोन होता, काहीतरी दोन तासांची अदलाबदल. मी हात हलवून म्हणाले होते, "हो हो बाबा, करा तुम्ही." त्यांना बघून घे म्हणायचं होतं, आणि मी करा म्हणाले.

ती पट्टी मी पर्समध्ये टाकली आणि घरी आले. पुढचे आठ दिवस मी कुणालाच काही बोलले नाही, आईलाही नाही. खोटं कशाला सांगू, त्या आठ दिवसांत मी गप्प राहायचाही विचार केला. कुणाला कळणार होतं? पट्टी माझ्याजवळ होती, राखणदार बाईला तिचा अर्थ माहीत नव्हता. आकडे सुंदर होते. आणि खरं सांगितलं तर लोक म्हणणार होते की म्हाताऱ्या बापाने घोटाळा केला. पदवी राहू द्या, नोकरीही राहू द्या. मला ते वाक्य कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. पण मग मनात यायचं, उद्या कुणीतरी माझी रीत खऱ्या समुद्रात, खऱ्या यंत्राला लावेल. तिथे वरून दोरी बांधायला कोण असणार आहे? बाबांना हे कळलं असतं तर त्यांनी स्वतःच जाऊन सरांना सांगितलं असतं, तेही पहिल्याच दिवशी. ते चूक लपवणारे नव्हतेच. लपवायची तयारी माझी होती.

मी सरांना फोन केला. ते चिडले नाहीत, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. सादरीकरण पुढे ढकललं, प्रयोग पुन्हा करावे लागणार, त्यात निदान एक वर्ष जाणार, कॉलेजशी ते बोलून बघतील. "आणि जुन्या प्रयोगांबद्दल एक टीप टाका," ते म्हणाले. "मदतनिसाच्या चुकीमुळे आकडे ग्राह्य नाहीत, एवढं पुरे. असं होतं कधी कधी."

त्यांना माहीत नव्हतं की मदतनीस कोण होता. मी सांगितलं नाही. मी टीप लिहिली ती अशी की मांडणीत जोडलेल्या दोरीची कल्पना संशोधिकेला देण्यात आली होती आणि तिने ती तपासली नाही. सरांनी ते खोडलं. प्रबंधात असं कुणी लिहीत नाही म्हणाले. मी पुन्हा लिहिलं. तिसऱ्या वेळी त्यांनी "संशोधिकेच्या दुर्लक्षामुळे" एवढं राहू दिलं. हा माझा मोठेपणा नव्हता. झालं होतं ते तसंच होतं.

कॉलेजने माझी जागा कायम केली नाही. आणखी एक वर्ष तात्पुरतं ठेवलं. स्टाफरूममध्ये आता भरतीबद्दल कुणी विचारत नव्हतं, आणि ते विचारणं बरं होतं असं मला वाटायला लागलं.

भातं निघाली, वारवणी झाली आणि पंखे पुन्हा मोकळे झाले. टाकी राखणदार बाईने मालकांशी भांडून पुन्हा मिळवून दिली. सामान उचलायला, फळी धरायला एक माणूस लागत होतं, आणि आई म्हणाली, "मी येते." मी नको म्हणाले. "मला कळत नाय, पन हात तर हायत ना," ती म्हणाली आणि पदर खोचून टेंपोत पुढे बसली. इतक्या दिवसांत तिने ती टाकी बघितली नव्हती, भिंगरी पाण्यात तर कधीच नाही.

वायरी मी या वेळी केसाएवढ्या बारीक घेतल्या आणि सैल, मोठ्या वळणाने सोडल्या. दोरी नाही, काही नाही. पाती बाबांचीच. आई काठावर खुर्चीत बसली. मी पंखे सुरू केले, लाटा सुरू केल्या, माझी नवी रीत लावली आणि वही घेऊन उभी राहिले.

पहिले दहा-बारा झोके भिंगरी चांगली वागली. माझ्या मनात उगाच आशा आली. मग झोका किंचित वाढला. पुढचा त्याहून किंचित. ती पुढे झुकायची, पाती वळायची, आणि मागे येताना कुणी पाठीवर हात ठेवून ढकलल्यासारखी जास्त मागे जायची. जुन्या रीतीपेक्षा हे सगळं सावकाश होतं, एवढंच माझ्या कामाचं खरं फळ.

"अगं, धर तिला," आई उठून म्हणाली. "अगं बुडंल ती, धर ना!"

मी आईचा दंड घट्ट धरून ठेवला. माझ्या हातात वही होती आणि मी झोके मोजत होते. एकतिसाव्याला कडेचा पाइप पाण्याखाली गेला. भिंगरी हळू आडवी झाली, बाबांचं एक पातं पाण्यात फिरत राहिलं आणि मग थांबलं. पंखे मात्र चालूच होते.

"तुझे बाबा असते," आई म्हणाली, "तर बुडू दिली नसती त्यांनी."

"नसतीच दिली," मी म्हणाले, आणि मग मला बोलल्यावाचून राहवेना. मी पंखे बंद केले आणि आईला सगळं सांगितलं. दोरी, ट्यूब, राखणदार बाई, माझा फोन, माझा हात. बाबांच्या आनंदावर मी पाणी टाकते आहे असं वाटत होतं, पण सांगितलं. मी रडत होते. आई रडत नव्हती. ती ऐकून घेत होती आणि पाण्याकडे बघत होती.

"त्यांनी सांगितलं होतं मला," मी म्हणाले. "मी ऐकलं नाही."

आई पुन्हा खुर्चीत बसली. मग म्हणाली, "गेले त्या दिशी दुपारी मलाबी कायतरी सांगत होते. जेवायला बसताना. मी म्हटलं, आधी जेवा, भात निवतोय."

"काय सांगत होते?"

"काय म्हाईत," आई म्हणाली. "ऐकलंच नाय गं मी."